निकॉन झेड८ चा ऑटोफोकस: उडत्या पक्ष्यांसाठी कसा आहे आणि बटणं कशी लावायची

निकॉन झेड८ वापरायला लागून आता बरेच महिने झालेत, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू. सगळ्या कॅमेऱ्याबद्दल लिहिणार नाहीये, व्हिडिओ मी करत नाही, लग्न-बिग्न शूट करत नाही, मला एकाच गोष्टीत रस आहे, उडता पक्षी शार्प मिळतो का आणि त्यातही डोळा शार्प मिळतो का. तर मिळतो, फार छान मिळतो, पण कंपनीने दिलेल्या डिफॉल्ट सेटिंगवर ठेवून एकच एएफ एरिया (फ्रेमच्या कुठल्या भागात फोकस शोधायचा ती चौकट) लावून बसलात तर या कॅमेऱ्यातलं निम्मंसुद्धा वापरलं जात नाही. याची खरी ताकद फोकस पॉइंट किती आणि प्रोसेसर कुठला यात नाहीये, ती आहे बटणांमधे. तीनचार वेगवेगळे एएफ एरिया एकाच वेळी बोटांखाली ठेवता येतात आणि पक्षी उडत असताना, फोकस चालू असताना, एकातून दुसऱ्यात जाता येतं. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं शेवटी याच्यावरच येतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी भरभर सांगते. मे २०२३ मधे आला, ४५.७ मेगापिक्सेल, स्टॅक्ड सेन्सर, एक्स्पीड ७ प्रोसेसर, म्हणजे पोटात जवळजवळ निकॉनचा मोठा झेड९ च. मेकॅनिकल शटर नाहीच, सगळं इलेक्ट्रॉनिक, रॉ मधे (सेन्सरचा कच्चा डेटा, जेपेग नव्हे) सेकंदाला २० फ्रेम. सेन्सर इतक्या वेगात वाचला जातो की पंख वाकडेतिकडे, केळ्यासारखे येत नाहीत, जे साध्या सेन्सरवर इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की सर्रास दिसतं. बर्स्ट (एकापाठोपाठ भराभर फोटो) चालू असताना व्ह्यूफाइंडर काळा होत नाही, आणि उडत्या पक्ष्याच्या मागे कॅमेरा फिरवताना याचा जो फायदा आहे तो डीएसएलआर (आरशावाला जुन्या पद्धतीचा कॅमेरा) वरून आलेल्या माणसालाच कळेल.

आता उडता पक्षी इतका अवघड का असतो हे जरा आकड्यात बघू, कारण हे डोक्यात बसलं की सेटिंगं पाठ करावी लागत नाहीत. ६०० एमएम, एफ/६.३, पक्षी २० मीटरवर. फुल फ्रेमवर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे जेवढ्या खोलीत सगळं शार्प दिसतं ती, मिळते साधारण ४० सेंटिमीटर, पुढची मागची धरून. १० मीटरवर आला की तीच १० सेंटिमीटर. आता एखादा मध्यम आकाराचा पक्षी सेकंदाला १५ मीटरने, म्हणजे ताशी ५४ किलोमीटरने सरळ आपल्याकडे येतोय असं धरा. सेकंदाला २० फ्रेमने मारताय तर दोन फ्रेमच्या मधे तो ७५ सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. म्हणजे मागच्या फ्रेमला जिथे फोकस होता तिथेच लेन्स राहिली तर पुढची फ्रेम गेलीच. कॅमेऱ्याला दर फ्रेमला पक्षी पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधून लेन्स आधीच हलवावी लागते. आडवा जाणारा पक्षी यामानाने सोपा, त्याचं अंतर फार बदलत नाही. म्हणून कुणी आडव्या उडणाऱ्या बगळ्याचे दहा शार्प फोटो दाखवून ऑटोफोकस भारी आहे म्हणालं तर मला त्यातून काही कळत नाही, समोरून येणारी पाकोळी दाखवा मग बोलू.

झेड८ समोरून येणाऱ्या पक्ष्याला बरंच चांगलं धरतो. घार, गरुड, बगळे, बदकं यांच्या बाबतीत एकदा पकडला की सुटत नाही म्हटलं तरी चालेल. पाकोळ्या, भिंगऱ्या, वेडे राघू यांच्यात फ्रेमा वाया जातातच, तशा त्या कुठल्याही कॅमेऱ्यावर जातात.

सब्जेक्ट डिटेक्शनबद्दल, म्हणजे कॅमेरा स्वतः पक्षी, त्याचं डोकं, डोळा ओळखतो त्याबद्दल. हा कॅमेरा आला तेव्हा पक्षी अ‍ॅनिमल मधेच धरलेले होते, कुत्री मांजरी आणि पक्षी एकत्र. फेब्रुवारी २०२४ मधे फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) २.०० आलं आणि त्यात पक्ष्यांसाठी वेगळा बर्ड मोड मिळाला. तुम्ही सेकंडहँड घेतला असेल तर पहिलं काम फर्मवेअर बघा. ऑटो वर ठेवू नका, कॅमेऱ्याला माणूस, प्राणी, गाडी, विमान, पक्षी सगळं शोधत बसायला लावण्यात काय अर्थ, थेट बर्ड लावा. नुसत्या आकाशात फरक थोडा कमी जाणवतो, पण मागे झाडी, डोंगर, लाटा असं काही असलं की बर्ड मोडमधे पक्षी लवकर सापडतो आणि सापडल्यावर टिकतो.

इथे एक गोष्ट जरा ठासून सांगायचीय कारण याच्यावरून लोक कॅमेऱ्याला नाही नाही ते बोलतात. डोळ्यावर छोटी चौकट आली म्हणजे कॅमेऱ्याला डोळा 'दिसला', फोकस 'झाला' असं नाही. ओळखणं हे काम वेगळं आणि लेन्स तिथे पोचणं हे काम वेगळं. चौकट डोळ्यावर नाचतेय आणि लेन्स अजून वाटेत आहे असं होऊ शकतं, आणि त्या क्षणी बर्स्ट मारला की पहिल्या चारपाच फ्रेमा मऊ. यासाठी कस्टम मेनूत फोकस पॉइंट डिस्प्लेमधे एएफ-सी (सतत चालू राहणारा फोकस) इन-फोकस डिस्प्ले नावाचा पर्याय आहे तो ऑन करा, मग फोकस बसला की चौकट हिरवी होते. हिरवी दिसली की मारा. एवढ्या एका गोष्टीने वाया जाणाऱ्या फ्रेमा कितीतरी कमी होतात.

आता मुख्य विषय, एरिया.

ऑटो-एरिया म्हणजे सगळी फ्रेम कॅमेऱ्याच्या ताब्यात. मोकळं आकाश आणि एकच पक्षी असेल तर मस्त चालतो, पण तेवढ्यासाठी कुणी एवढा कॅमेरा घेत नाही. थवा आला की तो एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. मल्टी सिलेक्टरने डावा उजवा पक्षी निवडता येतो खरा, पण उडत्या थव्यात तेवढा वेळ मिळतो का? मला तरी मिळत नाही.

वाइड-एरिया ही माझ्या मते या कॅमेऱ्याची सगळ्यात उपयोगी गोष्ट. एस आणि एल असे दोन ठरलेले आकार आहेत आणि सी१, सी२ असे दोन आपण ठरवायचे, रुंदी उंची आपली आपण. सब्जेक्ट डिटेक्शन या चौकटीत चालतं, म्हणजे तुम्ही कॅमेऱ्याला सांगताय की बाबा पक्षी इथेच आहे, इथेच शोध. आणि पक्षी ओळखता आला नाही तर चौकटीत जे जवळ आहे त्याला तो प्राधान्य देतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे कारण हेच कधी फायद्याचं असतं कधी तोट्याचं. आकाशात किंवा लांबच्या डोंगरासमोर पक्षी हीच सगळ्यात जवळची वस्तू असते, म्हणजे चेहरा न दिसता नुसता काळा ठिपका असला तरी फोकस बरोबर बसतो. पण पुढे गवत, बोरू, फांदी आली की जवळचं म्हणजे तेच, आणि मग फोकस गवतावर.

माझं सी१ म्हणजे मधोमध मोठी चौकट, फ्रेमच्या निम्म्याहून थोडी कमी, आकाशातल्या पक्ष्यांसाठी. सी२ आडवी पट्टी, बरीच रुंद पण उंचीला कमी, पाण्यावरून उडणाऱ्यांसाठी. पाण्यावरच्या पक्ष्याला मोठी चौकट लावली की खालच्या लाटा आणि त्यांच्यावरची चमक आत येते, पट्टी अशी धरायची की तिची खालची कड पाण्याच्या वर राहील. सुरय पाण्यावरून फिरत असतात तेव्हा ही पट्टी इतकी कामाला येते की नुसत्या या एका सोयीसाठी मला हा कॅमेरा आवडतो.

३डी ट्रॅकिंग म्हणजे छोटी चौकट पक्ष्यावर ठेवायची, फोकस चालू करायचा आणि मग पक्षी फ्रेममधे कुठेही गेला तरी चौकट त्याच्या मागे. एकदा धरल्यावर याच्यासारखं दुसरं काही नाही, तुम्ही कॉम्पोझिशनकडे बघू शकता, पक्षी कडेला ठेवू शकता, त्याच्या पुढे जागा सोडू शकता. अडचण सुरुवातीची आहे. ६०० एमएम वर, वेगाने जाणाऱ्या छोट्या पक्ष्यावर ती छोटी चौकट नेमकी ठेवायची कशी? चुकली तर मागचं झाड धरून बसणार आणि मग झाडाचंच इमानेइतबारे ट्रॅकिंग करणार.

डायनॅमिक-एरिया आणि सिंगल पॉइंट या दोघांत सब्जेक्ट डिटेक्शन नसतं, तिथे तुम्ही जिथे पॉइंट ठेवाल तिथेच. डायनॅमिकमधे मुख्य पॉइंट आणि थोडी चूक सांभाळून घ्यायला शेजारचे. निकॉनच्या जुन्या डी५०० डीएसएलआर वाल्यांना हे घरच्यासारखं वाटेल. फांद्यांच्या जाळीत बसलेला पक्षी आता उडणार अशी परिस्थिती असेल तर डायनॅमिक स्मॉल किंवा सिंगल लागतोच, तिथे हुशारी करणारा एरिया नको असतो.

म्हणजे प्रत्येकाचं काहीतरी चांगलं काहीतरी वाईट, आणि मेनूत जाऊन बदलेपर्यंत पक्षी गेलेला असतो. म्हणून बटणं. झेड८ मधे बऱ्याच बटणांना 'एएफ-एरिया मोड + एएफ-ऑन' असं काम देता येतं, म्हणजे ते बटण दाबलं की त्या एरियात फोकस चालू, सोडलं की परत मूळ एरिया. माझी रचना अशी, शटर अर्धं दाबलं की मूळ एरिया वाइड सी१. अंगठ्याखालचं एएफ-ऑन म्हणजे ३डी ट्रॅकिंग. सब-सिलेक्टरच्या मधलं म्हणजे त्या छोट्या जॉयस्टिकचं बटण म्हणजे डायनॅमिक स्मॉल. पुढे लेन्सच्या बाजूचं एफएन१ म्हणजे सी२ ची पट्टी.

वापरायचं कसं ते बघा. पक्षी लांबून येतोय, शटर अर्धं दाबून मोठ्या चौकटीत पकडला, पकडणं सोपं कारण चौकट मोठी. कॅमेऱ्याने डोळा किंवा डोकं ओळखलं, चौकट हिरवी झाली, की शटर न सोडता अंगठा एएफ-ऑनवर. आता ३डी चालू होतं आणि ते मधल्या ठिपक्यापासून सुरू न होता आधी जो पक्षी धरलेला होता तिथूनच पुढे सुरू होतं. म्हणजे पकडायचं काम मोठ्या चौकटीने केलं आणि मागे जायचं काम ३डीने. ही देवाणघेवाण हातात बसायला वेळ लागतो हे खरं, दोन्ही बोटं एकदम चालवायची सवय नसते, पण जवळपास कबुतरं, कावळे, घारी काहीही उडत असेल त्याच्यावर रोज थोडा वेळ नुसतं पकड-सोपव पकड-सोपव केलं, फोटो न काढता सुद्धा, तरी बोटं शिकतात. सरावाला साधे पक्षीच बरे, ते भरपूर मिळतात.

काहीजण शटरवरून फोकस काढून फक्त एएफ-ऑनवर ठेवतात, डीएसएलआरच्या काळापासूनची सवय. या कॅमेऱ्यावर मला ते तोट्याचं वाटतं, कारण अर्धं दाबलेलं शटर हे एक फुकटचं जास्तीचं बटण आहे, ते का घालवायचं? ज्यांच्या बोटांना तीच सवय आहे त्यांनी एएफ-ऑनवर सी१ आणि दुसऱ्या बटणावर ३डी असं काही जुळवून बघावं, पण दोन्ही बटणं एकाच अंगठ्याखाली आली तर सोपवताना मधे क्षणभर सुटतं.

आता ते फोकस ट्रॅकिंग विथ लॉक-ऑन. याच्यावर जेवढी चर्चा होते तेवढी मला पटत नाही, खरं सांगते. दोन भाग आहेत, ब्लॉक्ड शॉट एएफ रिस्पॉन्स १ ते ५, आणि सब्जेक्ट मोशन, इरॅटिक ते स्टेडी. पहिला म्हणजे मधे काही आडवं आलं किंवा तुमचा नेम हलला तर कॅमेऱ्याने किती वेळ थांबायचं. १ म्हणजे लगेच नव्या गोष्टीवर जा, ५ म्हणजे थांब, मूळ पक्षी परत येईल. डिफॉल्ट ३. मी बहुतेक वेळा ३ वरच ठेवते. झाडांच्या मधून जाणारा मोठा पक्षी असेल तर ४. पाकोळ्यांना २, कारण त्या एवढ्या वेळा सुटतात की कॅमेऱ्याने जुन्या जागी वाट बघत बसणं परवडत नाही. ५ वर ठेवलं की एक वाईट गोष्ट होते, चुकून मागचं झाड धरलं गेलं तर कॅमेरा त्या झाडालाही तितक्याच निष्ठेने धरून बसतो. हे लक्षात न घेता पक्षी सुटू नये म्हणून ५ लावा असा सल्ला सरसकट दिला जातो.

आणि दुसऱ्या ब्रँडवाल्यांची सेटिंगं बघून आकडा उचलू नका. सोनीमधे ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटीचा १ म्हणजे धरून ठेव आणि ५ म्हणजे चपळ, निकॉनमधे बरोबर उलटं, १ चपळ आणि ५ धरून ठेव. कॅननमधे तर उणे २ ते अधिक २, उणे म्हणजे धरून ठेव. मित्राने सोनीवर ४ सांगितलं आणि तुम्ही निकॉनवर ४ लावलं तर तुम्ही त्याच्या उलटं केलंत.

सब्जेक्ट मोशन मी मधल्यावरच ठेवते, सुरय सूर मारत असतील तर इरॅटिक. फरक आहे, पण बारीक. एरिया चुकीचा असेल तर हे दोन्ही स्लायडर काहीही लावा, काही उपयोग नाही.

एएफ-सी प्रायोरिटी रिलीज वर, म्हणजे फोकस बसो न बसो, बटण दाबलं की फोटो. फोकस प्रायोरिटी लावली तर कॅमेरा फोकस बसेपर्यंत फ्रेम अडवतो, ऐकायला छान वाटतं पण पंख पूर्ण वर असतानाचा तो एक क्षण अडला तर परत येत नाही.

लेन्सबद्दल बोलल्याशिवाय ऑटोफोकसचं काही सांगता येत नाही. मी झेड १८०-६०० एफ/५.६-६.३ वापरते. फोकस मोटर साधी स्टेपिंग मोटर आहे, महागड्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सांइतकी चपळ नाही, आणि जिथे हे जाणवतं ती जागा म्हणजे फोकस खूप जवळ पडलेला असताना लांबचा पक्षी पकडणं. फेज डिटेक्शन लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा एकमेकांशी ताडून बघतं, पक्षी इतका धूसर असेल की तो पार्श्वभूमीत विरघळलाय, तर ताडायला काही उरतच नाही. तुम्हाला व्ह्यूफाइंडरमधे पक्षी दिसत नाहीये तर कॅमेऱ्यालाही तो दिसत नाहीये, एवढं साधं आहे. यावर इलाज म्हणजे आधीच फोकस जवळपास आणून ठेवणं. पक्षी जिथून येणार त्या अंतरावरचं झाड, खडक, जमीन, काहीही, त्याच्यावर फोकस करून ठेवा. झेड८ मधे फोकसची जागा साठवून एका बटणावर परत आणायची सोय आहे, सेव्ह फोकस पोझिशन आणि रिकॉल फोकस पोझिशन, ती मी लेन्सच्या एल-एफएन बटणावर ठेवलीय, सुगरणीच्या घरट्यांसारखी ठरलेली जागा असली की सोन्यासारखी. फोकस मागच्या झाडीवर उडी मारून बसला की हेच बटण दाबायचं, लेन्स परत जवळ येते, मग पुन्हा पकडायचं. झाडीवर बसलेल्या फोकसमधून पक्षी परत मिळवायच्या भानगडीत पडू नका, झाडीत कॉन्ट्रास्ट जास्त असतो, कॅमेरा तिथून हलायला तयार नसतो.

लेन्सवरचा फोकस लिमिटर फुल आणि ६ मीटर ते अनंत असा आहे. उडत्या पक्ष्यांसाठी ६ मीटरवालं लावून विसरून जा. फक्त संध्याकाळी फुलपाखरू दिसलं आणि फोकस होत नाहीये म्हणून घाबरू नका, स्विच बघा.

झूम हे सुद्धा फोकसचंच साधन आहे, हे या लेन्सवर फार चांगलं वापरता येतं. झूम आतल्या आत होतो, लांबी वाढत नाही, आणि १८० ते ६०० जायला रिंग फक्त ७० अंश फिरवावी लागते, म्हणजे मनगट एकदा वळवलं की झालं. २५०-३०० ला पक्षी शोधा, फोकस धरा, मग धरलेला ठेवूनच ६०० ला जा. थेट ६०० ला आकाशात पक्षी शोधणं म्हणजे नशिबावर सोडणं.

शटर स्पीड वगैरे पटकन सांगते. मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ, एफ/६.३ म्हणजे लेन्स पूर्ण उघडी. मोठे संथ पक्षी १/१२५० किंवा १/१६०० ला चालतात, घार-शिक्रा १/२५००, पाकोळी-भिंगरी १/४००० पासून पुढे. मऊ फोटो दिसला की लगेच ऑटोफोकसला नावं ठेवली जातात, पण १००% वर नीट बघा, सगळीकडे एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर तो शटर स्पीडचा प्रश्न आहे, पक्षी मऊ आणि मागचं-पुढचं काहीतरी कडक असेल तर तो फोकसचा. आणि भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून किंवा पाण्यावरून लांबचा पक्षी काढलात तर हवाच थरथरत असते, तिथे जगातला कुठलाच ऑटोफोकस काही करू शकत नाही, सगळ्या फ्रेमा थोड्या थोड्या वेगळ्या मऊ येतात, जवळ जा किंवा सकाळी या. व्हीआर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) स्पोर्टवर, कारण नॉर्मलवर कॅमेरा फिरवताना व्ह्यूफाइंडरमधलं चित्र मागे ओढल्यासारखं वाटतं. उजळ आकाशासमोर पक्षी काळा पडत असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक १ पर्यंत न्या, यात फोटो तर सुधारतोच पण व्ह्यूफाइंडरमधे तुम्हालाही डोळा दिसायला लागतो.

बर्स्टबद्दल एक. २० फ्रेम आहेत म्हणून लांबूनच बटण दाबून ठेवू नका. लांब असताना फक्त अर्धं दाबा, सोडा, परत दाबा, म्हणजे कॅमेरा दर वेळी नव्याने अंतर घेतो, आणि पक्षी फ्रेममधे पुरेसा मोठा झाला की मग मारा. कार्डाचे दोन स्लॉट आहेत, एक सीएफएक्स्प्रेस टाइप बी आणि एक एसडी. दोन्हीवर एकदम रॉ लिहायला लावलंत तर वेग एसडीचाच राहतो, म्हणून पक्ष्यांच्या वेळी मी फक्त सीएफएक्स्प्रेसवर लिहिते आणि रॉ हाय एफिशियन्सी स्टार या कॉम्प्रेस केलेल्या प्रकारामधे, मला तरी डोळ्याला फरक दिसत नाही.

प्री-रिलीज कॅप्चर ही चीज खंड्यासाठीच केलीय असं वाटतं. अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा आधीपासून फ्रेमा साठवत असतो, पूर्ण दाबलं की मागच्या एक सेकंदापर्यंतच्या फ्रेमा पण मिळतात. खंड्या फांदीवरून सुटला हे आपल्याला कळून बोट दाबेपर्यंत तो गेलेला असतो, इथे तो सुटण्याचा क्षणच मिळतो. पण दोन गोष्टी. एक, हे फक्त जेपेगमधे होतं, सी३०, सी६०, सी१२० मोडमधे (सेकंदाला तेवढ्या फ्रेमा), रॉ नाही. सी३० ला पूर्ण ४५ मेगापिक्सेल, सी६० ला डीएक्स क्रॉप (सेन्सरचा फक्त मधला भाग), सी१२० ला ११ मेगापिक्सेल. पांढरा बगळा कडक उन्हात असेल तर जेपेगमधे पिसांचा तपशील उडाला तर उडाला, म्हणून मी अशा वेळी थोडं अंडर ठेवते. या दर्जाच्या कॅमेऱ्यात प्री-कॅप्चर रॉ मधे हवं होतं, ही कमतरता मला सगळ्यात जास्त खटकते. दुसरं, फोकस फांदीवर बसलेल्या पक्ष्यावर असतो आणि तो आपल्याकडे तिरका उडाला तर पहिल्या काही फ्रेमांतच डेप्थच्या बाहेर जातो. म्हणून उभं राहताना अशी जागा घ्या की तो फांदीवरून आडवा उडेल. वाऱ्याकडे बघा, बरेच पक्षी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडतात, वारा तुमच्या डावी-उजवीकडून येत असेल तर काम सोपं होतं.

व्ह्यूफाइंडर ३६.९ लाख डॉटचा आहे, या वर्गातले काही प्रतिस्पर्धी यापेक्षा खूप जास्त देतात आणि बसलेल्या पक्ष्याची पिसं बघताना ते जाणवतं. उडत्या पक्ष्याला मात्र डॉटपेक्षा चित्र किती ताजं आहे ते महत्त्वाचं आणि तिथे हा उत्तम आहे, हाय एफपीएस डिस्प्ले ऑन केला तर आणखी सुरळीत होतो, बॅटरी मात्र खातो. बॅटरी ईएन-ईएल१५सी, जास्तीच्या जवळ ठेवाच. वजन बॅटरी-कार्डासकट ९१० ग्रॅम, त्याच्यावर ही लेन्स कॉलर धरून दोन किलोच्या वर, हातात धरून दिवसभर शक्य आहे पण खांद्याला कळतं.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी, फोकल लेंग्थ वाढवणारी जोडलेन्स) १.४ लावला की ८४० एमएम एफ/९ होतं. भरपूर उजेडात बसलेला पक्षी, तरंगणारी कापशी घार, ठीक. वेगाने उडणाऱ्यांना लावू नका, उजेड एक स्टॉप कमी होतो, फ्रेममधे शोधणं अवघड होतं आणि पकडायला लागणारा वेळ वाढतो. त्यापेक्षा ६०० ला काढून क्रॉप करा, ४५ मेगापिक्सेल कशासाठी आहेत, डीएक्स एवढं कापलं तरी १९ उरतात.

शेवटचं, या सगळ्या सेटिंगांना सांभाळायचं कसं. झेड८ मधे यू१ यू२ यू३ (डायलवर आपली सेटिंगं साठवायच्या जागा) नाहीत, मेनू बँक आहेत, ए ते डी, आणि बँकेची पद्धत अशी की तुम्ही वापरताना जे बदलाल ते त्याच बँकेत तसंच राहतं, मूळ ठरवलेल्याकडे आपोआप परत येत नाही. पाकोळ्यांसाठी लॉक-ऑन २ केलं आणि विसरलात तर पुढच्या वेळी घारीलाही २ च. म्हणून सगळं मनासारखं लागलं की सेटअप मेनूतल्या सेव्ह/लोड मेनू सेटिंग्जने एक फाइल कार्डावर काढून कॉम्प्युटरवर ठेवून द्या, गोंधळ झाला की परत लोड. नवीन फर्मवेअर टाकायच्या आधी तर नक्कीच. आणि कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करण्याआधी ती फाइल उतरवून घ्या, फॉरमॅटमधे ती पण जाते.